भगरीची बैठक

आमच्या सरांना "बरे आहात ना?" असे विचारण्याची सोय नव्हती. "कोणत्या बाबतीत?" असा उलट प्रश्न येई, आणि तो विनोद म्हणून विचारलेला नसे. गुडघ्यांच्या बाबतीत विचारत असाल तर नाही, झोपेच्या बाबतीत हो, आणि एकंदरीत विचारत असाल तर अजून पुरेशी माहिती हाती नाही, असे ते भर कापडबाजारात उभे राहून समजावून सांगत. त्यामुळे नगरमध्ये त्यांना लांबून नमस्कार करणारे पुष्कळ होते, जवळ येऊन विचारपूस करणारे फार थोडे.

सरांनी हयातभर पुण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले आणि लढाईच्या दिवसांत निवृत्त होऊन ते नगरला आपल्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे, राहायला आले. मी त्यांचा कॉलेजातला विद्यार्थी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते. पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातून आलेल्या मला परीक्षानळी कुठून धरायची हेही ठाऊक नव्हते. सरांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातून ती फुटलेली पाहिली आणि दुसरी हातात देत म्हणाले, "ही फुटेल तेव्हा तिसरी देईन. पण का फुटली ते दर वेळी सांगायचं." मी बी.एस्सी. झालो तो या एका वाक्यावर, असे मला आजही वाटते. पुढे नगरच्या शाळेत मला शास्त्रशिक्षकाची जागा मिळाली, आणि मी पुन्हा त्यांच्या हाताखाली आलो. ते असे.

तेव्हा धान्य रेशनवर होते आणि भेसळीच्या तक्रारींना ऊत आला होता. पुरवठा खात्याला कोणीतरी वरून कळवले की, अन्नपदार्थ खाण्यास योग्य आहेत की नाहीत हे ठरवण्याआधी शास्त्र जाणणाऱ्यांचा सल्ला घ्यावा. मग एक सल्लागार समिती नेमण्यात आली. सर अध्यक्ष, भिंगारच्या छावणीजवळ दवाखाना असलेले एक वृद्ध डॉक्टर सभासद आणि मी चिटणीस. समितीने सल्ला द्यायचा आणि पुरवठा खात्याच्या साहेबांनी हुकूम काढायचा, अशी वाटणी होती. कागदावर ती फार सुरेख दिसत असे.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. पण त्यांना उत्तर हवे असे ते एका शब्दात. त्यांच्याकडून छापील पत्र येई: 'सदर माल खाण्यास योग्य / अयोग्य आहे. नको ते खोडावे.' सर आधी ते पत्र नाकाशी नेऊन हुंगत. ही त्यांची खोडच होती. पेपर, छत्री, दाराशी आलेला पाहुणा, सगळे आधी हुंगायचे. मग शाई घेऊन 'योग्य' खोडत, 'अयोग्य'ही खोडत आणि मधल्या बोटभर जागेत लिहीत, 'कोणाला? किती? किती दिवस?'

"सर, साहेब चिडतील," मी म्हणे.

"चिडू देत. मिठाबद्दल विचारलं तरी मी हेच विचारीन. चिमूटभर मीठ योग्य, वाटीभर अयोग्य. मीठ तेच आहे. प्रश्नच अर्धा असला तर उत्तर पुरं कुठून आणू?"

समितीचा अहवाल लिहिण्याची त्यांची रीत ठरलेली होती. आम्हाला काय कळले, काय कळले नाही, आणि हा पदार्थ आमच्या घरी आला तर आम्ही काय करू, असे तीन भाग. तिसऱ्या भागावर डॉक्टरांचा आक्षेप होता. "यात शास्त्र कुठे आहे?" ते विचारत. सर म्हणत, "शास्त्र पहिल्या दोनांत आहे. तिसरा भाग आपण खोटं बोलत नाही ना, ते पाहण्यासाठी."

साहेब मात्र अहवालातले सोयीचे तेवढे उचलत. एकदा गुळाची तक्रार आली. आम्ही लिहिले, 'पाठवलेल्या ढेपेत दोष आढळला नाही. बाकीच्या ढेपा पाहिलेल्या नाहीत.' दुसऱ्या दिवशी दुकानांवर साहेबांची सूचना झळकली, 'समितीच्या मते गूळ निर्दोष आहे.' सर तडक कचेरीत गेले. मी मागे होतोच. खुर्ची न घेता ते म्हणाले, "साहेब, जरा आ करा."

साहेब इतके गोंधळले की त्यांनी खरेच तोंड उघडले. सरांनी वाकून आत पाहिले आणि म्हणाले, "पुढचा एक दात पाहिला. निर्दोष आहे. आता बाहेर जाऊन जाहीर करतो की साहेबांचं तोंड निर्दोष आहे. मागच्या दाढांचं तुमचं तुम्ही पाहा."

साहेबांच्या मागच्या दाढा किडलेल्या होत्या हे सगळ्या कचेरीला ठाऊक होते. सूचना संध्याकाळपर्यंत बदलली गेली.

समितीचा आणखी एक नियम सरांनी घातला होता. ज्या पदार्थाला योग्य म्हणायचे, तो बैठकीत शिजवून आणायचा आणि सही करणाऱ्याने आधी खायचा. तपासणी अर्थात पूर्वीच झालेली असे. शंका असलेले काही कोणाला खायला घालत नसत. पण 'योग्य' हा शब्द कागदावर उतरायचा तो घशाखाली उतरून, असा त्यांचा हट्ट होता. रांधायचे काम आक्कांकडे. त्यांनी समितीसाठी वेगळी भांडी काढून ठेवली होती आणि त्यांना त्या 'सरकारी भांडी' म्हणत. "तुझ्या सरकारची घाण माझ्या पातेल्यात नको," असे सुनावूनच त्या चूल पेटवत. डॉक्टर कुरकुरत खात, मी मुकाट्याने खाई. साहेबही बैठकीला येत आणि हुकूम त्यांच्याच सहीने निघत, तेव्हा नियम त्यांनाही लागू होता. पण साहेब कधी खात नसत. त्यांचा उपास असे.

सोमवारी बैठक ठेवली तर साहेब म्हणत, "आज शंकराचा वार." मंगळवारी ठेवली तर गणपतीचा. गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी देवीचा, शनिवारी मारुतीचा. सरांनी मुद्दाम एकदा बुधवार धरला. साहेबांनी हात जोडून सांगितले, "बुधवार पांडुरंगाचा." बुधवारी उपास धरणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. इतके वार करूनही साहेबांचा कोट दरवर्षी थोडा थोडा सैल करून घ्यावा लागे, हेही खरे.

"देवांवर त्यांची श्रद्धा आहे," सर म्हणाले. "आपल्या शिधापत्रिकेवरच्या धान्यावर नाही. नोंद करून ठेवा."

भगरीचे प्रकरण उपटले ते याच सुमारास.

भगर रेशनवर नव्हती. त्यामुळे उपासालाच काय, एरवीही लोक ती पोटभर खाऊ लागले होते. बाजारातल्या एका मोठ्या शेठजींनी अकोले तालुक्याच्या डोंगराकडून पोतीच्या पोती आणून गुदामात भरली होती. परतीच्या पावसात गुदामाचा पत्रा गळला, पोती भिजली. शेठजींनी माल उन्हात वाळवला, पाखडला आणि पुन्हा भरला. त्यातली थोडी पोती जिल्ह्यात विकलीही गेली. मग पुणतांब्याहून तक्रार आली. साहेबांनी गुदामाला तात्पुरते कुलूप घातले आणि नेहमीचे छापील पत्र आमच्याकडे धाडले. महाशिवरात्र तोंडावर आली होती. त्या दिवशी उभ्या जिल्ह्यात घरोघरी भगर शिजणार होती, आणि बाजारात या गुदामाखेरीज भगर जवळजवळ नव्हतीच.

सरांनी मला पुणतांब्याला पाठवले. तक्रार करणारी शेतकरीण मोठी खणखणीत होती. ओसरीवर शेंगा फोडता फोडता ती सांगू लागली, "एकादशी हुती म्हून भगर केली. खाल्ली आन् घरातली समदी लटलट कापाया लागली. सासरा तर म्हनं, जिमीन हालतीया, मला धरा. धरनार कोन? धरनारी बी हालत हुती."

"आता कसं आहे?"

"आता बरं हाय. दुसऱ्या दिशी समदी उठली. पर मला एक सांगा, मास्तर, ह्ये भगरीनं झालं का उपासानं? तुमी शिकल्यालं हाय."

मी शिकलेला होतो, पण मला सांगता येईना. तिच्या मडक्यातली उरलेली भगर घेऊन मी परतलो. सरांनी ती आणि गुदामातली, दोन्ही तपासली. ठाऊक असलेले एकही विष सापडले नाही. भिंगाखाली मात्र फुटक्या दाण्यांवर हिरवट काळी बुरशी दिसत होती. अहवाल गेला: बुरशी आहे. तिच्यात विष आहे की नाही, असल्यास कोणते, ते आम्हाला ठाऊक नाही. आमच्या घरी ही भगर आली तर आम्ही ती शिजवणार नाही.

साहेबांचे उत्तर लगोलग आले. उपाशी पोटी कोणालाही चक्कर येते. कुबट वास हा पुरावा नव्हे. समितीने विषाचे नाव कळवावे, न कळवल्यास माल योग्य समजण्यात येईल.

सर खूप वेळ हसत होते. "म्हणजे साप चावला तर आधी त्याचं गाव विचारायचं!" मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "पण साहेबांचंही खरं आहे. शेठजी वकील घेऊन बसलेत. हा माणूस आमच्या 'ठाऊक नाही'वर उभा कसा राहील? त्याला स्वतःला काय वाटतं, ते त्यानं अजून स्वतःला विचारलेलं नाही." आणि त्यांनी गुरुवारी बैठक लावली.

साहेब आले ते सुटकेचा हुकूम टाइप करूनच. "समितीची एक ओळ पाहिजे फक्त," ते म्हणाले. "शेठजी सकाळपासून कचेरीत ठाण मांडून आहेत. सणाला लोकांनी काय माती खायची?"

"आज गुरुवार," सर म्हणाले. "आपला उपास असेल."

"अर्थात. दत्ताचा."

"फराळ चालतो ना?"

"फराळ चालतो," साहेब बेसावधपणे म्हणाले.

आक्का आतून ताट घेऊन आल्या. ताटात एकच वाटी होती आणि तिच्यातून वाफ येत होती. वरून दाण्याची आमटी घातलेली होती. सर म्हणाले, "आक्कानं मुद्दाम उपासाचं केलंय. भगर आहे."

साहेबांनी वाटीकडे पाहिले. डॉक्टरांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. शंका असलेला पदार्थ सरांनी असा कोणापुढे ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता.

"ही... योग्य आहे?" साहेबांनी विचारले.

"ही भगर खाण्यास योग्य आहे," सर सावकाश म्हणाले, "असं मी लिहून द्यायला तयार आहे. आपण इतके दिवस हीच ओळ मागत होता ना? घ्या, गार होईल."

साहेबांनी चमचा उचलला. तो ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी चमचा नाकाशी नेला, मग हळूच वाटीत परत ठेवला.

"का हो, साहेब?"

"वास येतोय. कुबट."

"कुबट वास हा पुरावा नव्हे, असं आपलंच पत्र आहे."

"तरी पण... मला नको."

"कारण लिहावं लागेल. विषाचं नाव काय घालू?"

"नाव मला काय माहीत!" साहेब एकदम ओरडले. मग स्वतःच्याच आवाजाने दचकले. त्यांनी टाइप केलेला हुकूम घडी घालून खिशात टाकला, माझ्याकडून कोरा कागद मागितला आणि गुदामातला माल विकण्यास बंदी असल्याचे स्वतःच्या हाताने लिहून सही केली. ते गेले, त्यांच्यामागे डॉक्टरही गेले.

सरांनी वाटी पुढे ओढली आणि ते मजेत खाऊ लागले.

"सर!" मी ओरडलो.

"तुम्हालाही हवी? आत पातेलंभर आहे. आक्काची घरची, गेल्या वर्षीची, डब्यातली. मी योग्य म्हटलं ते खरंच होतं."

"पण मग वास?"

"वास त्यांच्या मनात होता. म्हणजे आपला अहवाल पोचला होता. फक्त तो त्यांना हुकमाच्या कागदावर उतरवता येत नव्हता."

आतून आक्का कडाडल्या, "माझ्या हातच्या भगरीला कुबट म्हणून गेला मेला! चाळीस वर्षं रांधतेय मी. पुन्हा येऊ दे, पाण्याचा पेलासुद्धा देणार नाही!"

मला हसू येत होते आणि भीतीही वाटत होती. पण खरी भीती पुढेच होती. सरांनी मला बैठकीचा वृत्तांत लिहायला बसवले आणि सांगू लागले, "लिहा. अध्यक्षांनी साहेबांना चांगली भगर दिली. साहेबांनी ती खाल्ली नाही. प्रत साहेबांना."

"सर, शिवरात्र होऊन जाऊ द्या," मी अक्षरशः हात जोडले. "आज कळलं तर ते चिडून बंदी उठवतील. उद्या घरोघरी ती भगर शिजेल. पुणतांब्याला काय झालं ते मी ऐकून आलोय."

"मीही वाचलंय तुमच्या अक्षरात."

"मग?"

सर जरा वेळ चमचा चाटत राहिले. मला वाटले, ऐकणार. "त्यांनी घाबरून हुकूम काढला. घाबरवलं मी," ते म्हणाले. "सल्ला देणाऱ्यानं चेष्टा करून डोळे उघडावेत, इथवर ठीक. पण उघडलेल्या डोळ्यांना खरं दाखवायला नको? हुकूम त्यांचा आहे. तो त्यांना सगळं कळूनही टिकला तरच टिकला. जा, आत्ताच नेऊन द्या."

आयुष्यात मी सरांचा कोणताही शब्द मोडला नव्हता, पण त्या दुपारी कचेरीच्या वाटेवर माझे पाय मागे ओढत होते. बाहेरच्या बाकावर शेठजी वकिलासह बसलेलेच होते. साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. त्यांचे कान आधी लाल झाले, मग सगळा चेहरा.

"म्हणजे भगर चांगली होती?"

"हो, साहेब."

"आणि मला वास आला."

मी मान खाली घातली. साहेब उठून खिडकीशी गेले. बाहेर शेठजींनी त्यांना पाहून नमस्कार केला.

"यांनी परवा आमच्या घरी पायलीभर भगर पाठवली होती. भेट म्हणून," साहेब माझ्याकडे न वळता म्हणाले. "शिवरात्रीला आमच्या आईचा उपास असतो. तुमच्या बैठकीतून निघालो तो आधी घरी गेलो आणि पायली परत पाठवली. आई म्हणाली, का रे, काय आहे तिच्यात? मी म्हटलं, ठाऊक नाही." ते वळले. "हे मी तिला सांगू शकतो, तर जिल्ह्याला का नाही? सरांना सांगा, वाटी त्यांची होती, हुकूम माझा आहे. तो तसाच राहील."

मी जाऊ लागलो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "आणि हे बघा, मास्तर, पुढच्या वेळी योग्य म्हणाल तेव्हा खरंच योग्य म्हणताय की आमची गंमत करताय, तेवढं आधी कळवत जा."

शिवरात्रीला अख्ख्या नगरने रताळी खाल्ली आणि आमच्या समितीचा उद्धार केला. देवळाच्या रांगेत एक बाई दुसरीला मोठ्याने सांगत होती, "त्या म्हाताऱ्याला म्हणे भगरीचा वासच सहन होत नाही!" सर तिच्या मागेच उभे होते आणि मन लावून ऐकत होते. आक्कांनी मात्र डब्यातली भगर आळीत वाटीवाटीने वाटली, आणि देताना प्रत्येकीला बजावले, "आधी वास घे आणि मग मला सांग."

दोन दिवसांनी शेठजींनी सरांना भर बाजारात गाठले. गुदामातला माल जनावरांनाही घालू नये असा समितीचा नवा सल्ला त्यांच्या हाती पडला होता. त्यांच्याभोवती बघता बघता गर्दी जमली.

"मास्तर, काय मिळवलंत?" शेठजी गरजले. "जिल्हाभर ओरडा केलात, माझा धंदा बुडवलात, आणि झालं काय? शिवरात्र पार पडली. कोणाला चक्कर आली? कोणी कापलं? उभ्या जिल्ह्यात एका माणसाला काही म्हणता काही झालं नाही!"

लोक सरांकडे पाहू लागले. त्यांचा चेहरा असा उजळला, जसा मी त्यांच्या वर्गातही कधी पाहिला नव्हता. छत्री काखोटीला मारून त्यांनी शेठजींना दोन्ही हातांनी नमस्कार केला.

"शेठजी, एवढं लेखी द्याल का?" ते म्हणाले. "समितीला इतका चांगला अहवाल आजवर कोणी दिलेला नाही."

"देतो की!" शेठजी तावातावाने म्हणाले. "भितो काय!"